दातांच्या वर्गातली टायपिंगबाई

४ जानेवारी

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच आज पुन्हा नोकरीला लागले. हे म्हणाले, "तुला सुख टोचतं." टोचतंच. सगळा जन्म कचेरीत साहेबांचं बोलणं टिपण्यात गेला. साहेबांचं वाक्य संपायच्या आत माझं टाइप झालेलं असायचं, आणि ते त्यांनी बोललेल्यापेक्षा बरं असायचं. अशी बोटं घरात नुसती वाती वळत बसत नाहीत.

काम असं आहे. कवळ्या आणि खोटे दात बनवायला शिकवणारी एक संस्था आहे. तिथल्या वर्गात एक मुलगी आहे, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मास्तर शिकवतात इंग्रजीत, आणि निम्मा वेळ फळ्याकडे तोंड करून. ते बोलतील ते मी शेजारी बसून लॅपटॉपवर टाइप करायचं आणि तिनं पडद्यावर वाचायचं. आधी फोनमधलं ॲप लावून पाहिलं म्हणे. पण दात तासायच्या मोटरी सतत चालू, ॲपनं त्या घरघरीचंही इंग्रजी करून टाकलं.

संस्थेच्या मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "मार्चअखेर बाहेरचे परीक्षक येतील. त्यात पास झाली तर तुमची सोय पूर्ण कोर्सभर चालू ठेवू. नाही झाली तर आम्हाला पुढे जमणार नाही." मुलगी दोन ठिकाणांहून आधीच परत आलेली आहे. वडिलांनीही बजावलंय, हे शेवटचं. नंतर घरी बसायचं आणि बहिणीची मुलं सांभाळायची.

घरी तिला बारकी म्हणतात, म्हणून वर्गातही बारकी. अंगानं मूठभर. बघते मात्र अशी, की आपला पदर नीट आहे ना ते तपासावंसं वाटतं.

७ जानेवारी

आज नाक कापलं गेलं.

मास्तर सारखं "डाय, डाय" म्हणत होते. मी रंगाचा डाय टाइप केला, डी-वाय-ई. बारकीकडे वेगळा कीबोर्ड आहे, तिनं खाली लिहिलं, "कुठला रंग?" मी म्हटलं, रंगाचं कुठे बोलताहेत ते? तिनं माझ्याच शब्दावर बोट ठेवलं. मग समजलं. या धंद्यात एका दाताच्या प्लॅस्टरच्या साच्याला डाय म्हणतात, आणि त्याचं स्पेलिंग मरणाच्या डायसारखं, डी-आय-ई.

चूक झाकायला मी तिला थोडं शहाणपण शिकवलं. लिहिलं, "इंग्रजीत असे जुळे शब्द पुष्कळ. आवाज एक, स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा. शाळेत यावर छड्या खाल्ल्यात मी. कचेरीत नव्या मुली माझ्याकडे येऊन विचारायच्या, बाई, यातला कुठला?"

तिनं ते दोनदा वाचलं. मग टाइप केलं, "म्हणजे कानाला दोन्ही एकच?"

"एकच."

"मग ऐकणाऱ्याला समजतं कसं?"

इतकी वर्षं हे काम केलं आणि मला ठाऊक नाही.

८ जानेवारी

दिवसभर तेच डोक्यात. शेवटी यांना विचारलं, "अहो, मी 'सी' म्हटलं तर तुम्हाला बघणं आठवतं का समुद्र?"

"काहीच नाही. 'टी' म्हटलं असतंस तर उठलो असतो."

या माणसाशी कुठला विषय निघाला तरी तो चहापाशी जातो. पण चहा करता करता मला जाणवलं. "टी" म्हटल्यावर यांना अक्षर आठवलं नाही, जमिनीत खोचायची गोल्फची टी आठवली नाही, सरळ चहा आठवला. आवाज कानात शिरायच्या आधीच मन दारात जाऊन उभं असतं, कोण येणार हे ठाऊक असल्यासारखं. कान नुसता दार उघडतो. मी गॅसपाशी उभी राहिले ती दूध उतू जाईपर्यंत.

१२ जानेवारी

मधल्या सुट्टीत तिची परीक्षा घेतली. शांतीचा पीस आणि तुकड्याचा पीस. हवामानाचं वेदर आणि "की नाही" वालं व्हेदर. लिहिण्याचं राइट आणि बरोबरचं राइट. जे शब्द माझ्या कचेरीतल्या मुली जन्मभर एकमेकांत कालवत राहिल्या, ते तिच्यापुढे ठेवले. बारकी हसायलाच लागली. तिनं लिहिलं, "मावशी, यांचं एकमेकांशी नातं आहे हेच मला माहीत नव्हतं. मला हे खुर्ची आणि पाऊस यांच्याइतके वेगळे दिसतात."

गेल्या आठवड्यात मास्तरांनी लेखी घेतली, त्यात ऐकू येणाऱ्या सगळ्या पोरांनी कुठे ना कुठे असे घोटाळे केलेत. हिच्या कागदावर एकही नाही. जे मी मार खाऊन शिकले ते हिला शिकावंच लागलं नाही. मी थक्क झाले, आणि खरं सांगायचं तर थोडी चिडलेही.

मग तिनं माझी परीक्षा घेतली. आवाज न काढता नुसते ओठ हलवले. मी म्हटलं, "मेक." तिनं मान हलवली. "पेक?" नाही. म्हणाली होती "बेक". पुन्हा केलं, पुन्हा चुकले. तिनं पर्समधला आरसा माझ्यासमोर धरला आणि म्हणायला लावलं. प, ब, म. तिन्ही वेळा आरशातली बाई ओठ मिटते आणि उघडते, काडीचा फरक नाही.

"आमचे जुळे शब्द हे," तिनं लिहिलं. "लहानपणी मला वाटायचं बाबांचं आणि मामांचं नाव एकच आहे. कोण समोर उभा आहे ते बघून ओळखायचं."

म्हणजे तिच्याही दारात मन आधीच उभं असतं. घरी येताना मी लोकांच्या तोंडांकडे इतकी बघत आले की एका फळवाल्यानं उगीचच मला वजनात जास्त दिलं.

१९ जानेवारी

ही डायरी मराठीत लिहिते, तर आज एक गोष्ट ध्यानात आली. त्या दिवशीचे दोन्ही डाय इथे अगदी सारखेच लिहिले गेलेत. स्पेलिंग वेगळं सांगावं लागलं तेव्हा कुठे वेगळे झाले. आपलं लिहिणं कानाचं ऐकतं. कान म्हणाला डाय, की हात लिहितो डाय. इंग्रजी मात्र ज्या अक्षरांचा उच्चारच नाही तीही जपून ठेवतं. त्या मुक्या अक्षरांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या. कशाला हवीत ही बांडगुळं, असं साहेबांनाही एकदा बोलले होते.

ती कुणासाठी आहेत ते आज समजलं. बारकीला इंग्रजी वाचताना पाहून. तिच्यासाठी मुकं अक्षर असं काही नाहीच. सगळीच अक्षरं सारखी, सगळीच बोलतात.

३० जानेवारी

वर्गातल्या मोटरींना तेलपाणी झालेलं दिसतं, बऱ्याच शांत झाल्यात. तरी मास्तर तोंडातल्या तोंडात का बोलतात देव जाणे. मी खुर्ची पुढे सरकवून घेतली, अगदी त्यांच्या समोर. फळ्याकडे वळले की मी स्पष्ट सांगते, "मास्तर, इकडे तोंड." पोरं हसतात. हसोत.

मुलाचा फोन आला होता. त्यालाही म्हटलं, नीट बोल. ही हल्लीची पिढी शब्द चावून अर्धे गिळते. यांचं वेगळंच, टीव्ही मोठा केला की हे उठून दुसऱ्या खोलीत जातात. म्हातारपणी माणूस नाजूक होतो.

६ फेब्रुवारी

आज वर्गात सगळे कामं थांबवून उभे राहिले.

मास्तरांनी पुढचे वरचे दात मेणात बसवायला दिले होते. सगळ्यांनी मोजमाप करून पुस्तकाप्रमाणे बसवले. बारकीनं बसवले आणि मग किंचित खाली ओढले. मास्तर म्हणाले, माप चुकलं. तिनं मान हलवली. त्यांना खुणेनं सांगितलं, "फ" म्हणा. मास्तरांनी म्हटलं. तिनं त्यांच्या वरच्या दाताची कड खालच्या ओठाला जिथे टेकली तिथे बोट दाखवलं, आणि मग मेणातल्या दाताची कड. हे दात ज्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडाच्या ठशावर बसवले होते त्यांना शेजारच्या दवाखान्यातून बोलावून घेतलं, ती दातांची मेणाची पट्टी तोंडात बसवली, आणि "फ" म्हणायला लावलं. दात ओठावर असा टेकला की त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मास्तर म्हणाले, "हे शिकायला मला दहा वर्षं लागली. हिला तोंड पाठ आहे." मी ते टाइप केलं, तेव्हा पडदा नीट दिसेना. इतकी वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघून शब्द शोधता शोधता या पोरीनं दात कसे असतात ते शिकून घेतलं, कुणी शिकवलं नाही, कुणाला पत्ता नाही. माझ्या हातून माणसं घडली असं मी कधी म्हणणार नाही, पण अशा मुलीच्या शेजारी बसायला मिळालं याचं फार अप्रूप वाटतं.

१४ फेब्रुवारी

बोटांचं वय झालं. आज "मोल्ड", म्हणजे साचा, तिथे मी "बोल्ड" टाइप केलं. मास्तरांनी भट्टीत बेक करायला सांगितलं, मी मेक लिहिलं. पिनच्या जागी बिन. बारकीनं मात्र काही न विचारता साचा घेतला, भट्टी लावली, पिन बसवली. मी विचारलं, "मी चुकीचं लिहिलं तरी तुला समजलं कसं?" तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खांदे उडवले.

डायची चूक आता होत नाही, तेवढी प्रगती आहे.

२२ फेब्रुवारी

यांनी दाराची बेल बदलली. नवीही तशीच निघाली, शेजारीण म्हणे तीनदा वाजवून परत गेली. दुकानदार चोर आहे.

१ मार्च

वर्ग सुटल्यावर बारकीनं मला थांबवून घेतलं. सगळे गेले होते. तिनं टाइप केलं, "मावशी, राग धरू नका. तुमच्या चुका बदलल्यात."

मी म्हटलं, चूक ती चूक.

"नाही. जानेवारीत तुम्ही ऐकणाऱ्यांच्या चुका करत होता. डाय, पीस, तशा. आता मोल्डचं बोल्ड करता, बेकचं मेक. ऐकणारं माणूस असं चुकत नाही. असं आम्ही चुकतो."

मी लॅपटॉप मिटला. काल आलेली पोर मला शिकवते, असं मनात आलंही. तिनं तो पुन्हा उघडला आणि लिहिलं, "तुम्ही मास्तरांकडे बघता तेव्हा डोळ्यांत बघत नाही. ओठांकडे बघता. मी रोज बघते, मला ओळखू येतं."

मी म्हटलं, मास्तर पुटपुटतात म्हणून.

तिनं विचारलं, "कोपऱ्यातली मोटर आत्ता चालू आहे की बंद?"

"बंद आहे," मी म्हटलं. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकं शांत होतं.

तिनं माझा हात धरून टेबलावर पालथा ठेवला. लाकूड थरथरत होतं. मी वळून पाहिलं, तर कोपऱ्यात मोटरीचं चाक गरगर फिरत होतं.

बराच वेळ मी हात उचलला नाही. तिनंही आपला हात शेजारी तसाच ठेवला होता.

२ मार्च

वर्गाला गेले नाही. दुपारी यांना सांगितलं. हे म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"बेल कधी बिघडलीच नव्हती. नवी आणली ती मोठ्या आवाजाची मिळते का बघून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो. तू म्हणालीस, नीट बोला."

मी हसले आणि हसता हसता रडले. यांनी चहा केला. साखर दुप्पट.

४ मार्च

सकाळी ठरवून गेले की मोठ्या बाईंना सांगून मोकळं व्हायचं. बारकी जिन्यातच आडवी आली. फोनवर लिहून माझ्यापुढे धरलं, "परीक्षेआधी दुसरं कुणी मिळणार नाही. माणूस नाही म्हणून सोय बंद करतील. मग मी घरी."

मी तिला लिहिलं, "माझ्या चुकीनं नापास झालीस तरी तू घरीच."

"तुमच्या चुका मला वाचता येतात," तिनं लिहिलं. "बोल्ड दिसलं की मी मनात मोल्ड, बोल्ट सगळे फिरवून बघते, हातात काय आहे ते बघते आणि लावते. जन्मभर तेच केलंय. नवीन माणसाच्या चुका मला येणार नाहीत. तुमच्या माझ्याच आहेत."

पण दुसऱ्याच्या पोरीचं भवितव्य लपवाछपवीवर टांगायचं नाही, एवढं मला समजतं. मास्तरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, पडद्यावरचं वाचायचंय तिला. तिला चालतंय का ते महत्त्वाचं." मग आम्ही तिघं मोठ्या बाईंकडे गेलो. बाईंनी बारकीकडे पाहून फक्त विचारलं, "नक्की?" बारकीनं मान डोलावली. परीक्षा होईपर्यंत मीच, असं ठरलं. नंतर नवीन माणूस, पण पास झाली तरच.

मास्तर आता फळ्यावर लिहून होईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. लिहितात, वळतात, मग बोलतात. वर्गातली पोरं म्हणतात, मास्तर पहिल्यांदाच समजायला लागले.

२८ मार्च

झाली परीक्षा.

परीक्षक बाई उंच, चटपटीत, एका जागी उभ्या राहत नव्हत्या. चालत चालत सूचना द्यायच्या, मध्येच खिडकीकडे तोंड करून. मास्तरांनी त्यांना आधी विनंती केली होती, त्या "हो हो" म्हणाल्या आणि लगेच विसरल्या. मी मान वळवून वळवून त्यांचे ओठ पकडत होते, सुटलेलं जुळवत होते, बोटांना थांबू देत नव्हते. घामानं कीबोर्ड ओला झाला. बारकी एकदा पडद्याकडे बघायची, एकदा हातातल्या कामाकडे, आणि मान खाली घालून मेण कोरत राहायची. तिच्याकडे पाहिलं की वाटायचं, आपण लिहितोय ते हिला पोचतंय की नाही? की ही आपली मनानंच करते आहे? विचारायला वेळ नव्हता.

शेवटी परीक्षक बाईंनी सगळ्यांच्या कवळ्या ओळीनं तपासल्या. बारकीची हातात घेतली, उजेडाकडे नेली, उलटी केली, खालच्या पट्टीशी जुळवून टक टक केली. टक टक केली असणार, मला हात हललेले दिसले. मग मास्तरांकडे वळून काहीतरी बोलल्या. मास्तरांचा चेहरा बघून मला कळलं.

पास. सगळ्यांत वरची.

वर्ग रिकामा झाल्यावर मी पडद्यावरचं सगळं मास्तरांसोबत पुन्हा वाचलं. ते एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत गेले, इथे त्या हे म्हणाल्या होत्या, इथे ते. मी ठिकठिकाणी चुकले होते. तीन सूचना तर अशा की दुसऱ्या कुणी तशा वाचून केल्या असत्या तर कवळी तोंडात शिरलीच नसती. टेबलावर ती कवळी होती, तिच्यात कुठेही चूक नव्हती.

देवळाच्या पायरीला लावावा तसा मी कवळीला हात लावला आणि परत आले.

६ एप्रिल

आज कान तपासून घेतले. हे सोबत होते, आणि बारकी. तिला बोलावलं नव्हतं. दवाखान्याच्या दारात आधीच येऊन उभी होती. म्हणाली, म्हणजे लिहिलं, "इथली खोली न् खोली मला माहीत आहे, तुम्हाला एकटीला कशी सोडू?"

काचेच्या लहानशा खोलीत बसवलं, कानांवर ते गोल गोल लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडचा माणूस खाली मान घालून यंत्रावर बोटं फिरवत होता. सुरुवातीला दाबलं मी काही वेळा. मग तो थांबल्यासारखा वाटला. मी वाट बघत बसले, पुढचं कधी सुरू करणार. तेवढ्यात त्यानं उठून दार उघडलं आणि त्याच्या ओठांवर दिसलं, "झालं."

डॉक्टर बाईंनी कागदावरच्या उतरत्या रेघेकडे बघत बोलायला सुरुवात केली. मला त्यांच्या केसांचा भांग दिसत होता. हे पुढे होऊन ऐकत होते आणि यांचा चेहरा बदलत होता. मी यांच्या चेहऱ्यावरून काही उमगतंय का बघत राहिले. इतकी घाबरले होते की "मान वर करा" एवढंही मला म्हणवेना.

बारकी परक्या माणसांत कधीच बोलत नाही. तिचा आवाज कसा येतो याची तिला लाज वाटते, हे तिनंच मला सांगितलं होतं. ती उठली आणि बोलली. तिचे ओठ मला स्वच्छ दिसले, "यांच्याकडे बघून बोला." आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण बाहेरच्या बाकावरची माणसं वळली. डॉक्टर बाईंनी मान वर केली.

मग ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. डोळे डॉक्टरांच्या ओठांवर, बोटं फोनवर, फोन माझ्यापुढे. मी वाचत गेले. दोन्ही कानांचं ऐकू येणं कमी झालंय. वयानं होतं असं. यंत्र लावता येईल, त्याचा उपयोग होईल. हळूहळू आणखी कमी होत जाईल.

पुढचं वाक्य डॉक्टर बोलल्या आणि बारकीची बोटं थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. मी तिच्या जागी असते तर ते वाक्य थोडं मऊ करून लिहिलं असतं, आयुष्यभर साहेबांची वाक्यं मऊच करत आले.

तिनं जसं होतं तसंच टाइप केलं. पूर्वीसारखं पुन्हा होणार नाही. आणि ते मला नीट वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली.